प्रक्षेप्याचा वेग आडव्या आणि उभ्या घटकांत फोडताना: कागदावर, टेबलावर, मैदानावर

अकरावीच्या भौतिकशास्त्रात प्रतलातील गतीचा धडा सुरू झाला की प्रक्षेप्याची, म्हणजे फेकलेल्या वस्तूची, दोन सूत्रं वहीत येतात. आडवा घटक म्हणजे वेग गुणिले कॉस, उभा घटक म्हणजे वेग गुणिले साइन. पाठ व्हायला वेळ लागत नाही. पुढच्या गणितात मात्र कोन उभ्या रेषेपासून मोजलेला असतो, किंवा चेंडू गच्चीवरून खालच्या दिशेने फेकलेला असतो, आणि तिथे पाठांतर दगा देतं. सोलापुरात शास्त्र शाखेत नव्याने आलेल्यांसाठी आणि मैदानावर गोळाफेक शिकवणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दहावीची त्रिकोणमिती आली म्हणजे पुरे.

वेग फोडणं सोपं आहे. फोडल्यावर दोन्ही घटक एकमेकांत मिसळू न देणं, इथे मार्क जातात. आडव्याचा हिशोब आडव्यात, उभ्याचा उभ्यात. दोघांमध्ये सामाईक अशी एकच राशी असते, ती म्हणजे वेळ. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधी आकृती, मग सूत्र

आलेखाचा कागद घ्या. समजा पार्क स्टेडियमच्या सीमारेषेवरून क्षेत्ररक्षकाने यष्टिरक्षकाकडे चेंडू फेकला, वेग २५ मी/से, जमिनीशी कोन ३०°. प्रमाण धरा: १ सेमी म्हणजे ५ मी/से. आता आरंभबिंदूपासून ३०° कोनात ५ सेमी लांबीचा बाण काढा. बाणाच्या टोकापासून खाली, आडव्या रेषेवर, गुण्याने लंब टाका. काटकोन त्रिकोण तयार झाला. त्याची आडवी बाजू पट्टीने मोजली तर सुमारे ४.३ सेमी भरेल आणि उभी २.५ सेमी. म्हणजे आडवा घटक २१.५ च्या आसपास आणि उभा १२.५ मी/से. सूत्राला हात न लावता उत्तर दोन आकड्यांपर्यंत बरोबर आलं.

हे काम पोरकट वाटेल, पण पहिली पाच-सहा गणितं अशीच करा. कारण कॉस आणि साइन कुठे लावायचे ते आकृतीच सांगते. त्रिकोणात जो कोन दिला आहे त्याला चिकटलेली बाजू म्हणजे कॉस, समोरची बाजू म्हणजे साइन. आडवा-उभा हा प्रश्न त्यानंतरचा. कोन जमिनीशी दिला असेल तर चिकटलेली बाजू आडवी, म्हणून आडव्याला कॉस. कोन उभ्या रेषेशी दिला असेल तर चिकटलेली बाजू उभी, म्हणून उभ्याला कॉस. «उभ्या रेषेशी ३०° कोन करून» असं वाक्य प्रश्नात दिसलं की बरेच जण सवयीने कॉस आडव्याला लावून मोकळे होतात, आणि पुढचं सगळं गणित चुकतं.

उत्तर आल्यावर एक नजर टाकायची. जमिनीशी कोन ४५° पेक्षा कमी असेल तर आडवा घटक मोठा यायला हवा, जास्त असेल तर उभा. उलट आलं तर साइन-कॉसची अदलाबदल झाली आहे. दुसरी तपासणी वर्गांची: आडव्याचा वर्ग अधिक उभ्याचा वर्ग बरोबर मूळ वेगाचा वर्ग. इथे सूत्राने आडवा घटक २५ × ०.८६६ = २१.६५ येतो; त्याचा वर्ग ४६८.७ आणि १२.५ चा वर्ग १५६.३, बेरीज ६२५, म्हणजे २५ चा वर्ग. आणखी एक लक्षात ठेवा: घटकांची सरळ बेरीज २५ येत नाही, येऊही नये. २१.६५ अधिक १२.५ म्हणजे ३४.१५, आणि हा आकडा पाहून «काहीतरी चुकलं» म्हणून बरोबर उत्तर खोडणारी मुलं दरवर्षी असतात.

किमती कुठून आणायच्या

कॅल्क्युलेटर वापरत असाल तर आधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर ठीक. −०.९८८ आलं तर यंत्र रेडियनमध्ये आहे, ०.४५४ आलं तर ग्रेडियनमध्ये. स्क्रीनच्या वरच्या कडेला बारीक अक्षरात डी, आर किंवा जी दिसतं, त्यात डी हवं. हा एक मिनिटाचा उद्योग परीक्षेआधी, प्रयोगाआधी, फोनवरच्या कॅल्क्युलेटरवरही, दर वेळी करायचा. रेडियनमधली चूक फार फसवी असते. कधी उत्तर ऋण येतं आणि लक्षात येतं, पण कधी ते बऱ्यापैकी शहाणं दिसतं आणि तसंच खाली उतरवलं जातं.

नीट, जेईई आणि सीईटीला कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ३०, ४५, ६० च्या किमती तोंडावर हव्यात: ०.५, ०.७०७, ०.८६६. त्यांच्या जोडीला ३७ आणि ५३ शिकून घ्या. ३-४-५ च्या काटकोन त्रिकोणाचे हे कोन आहेत (नेमके ३६.८७° आणि ५३.१३°), म्हणून साइन ३७ म्हणजे ०.६ आणि कॉस ३७ म्हणजे ०.८. ५३ ला हेच उलटं. प्रश्नात ३७ किंवा ५३ दिसला की आकडेमोड सोपी व्हावी म्हणूनच तो दिलेला असतो.

लॉग टेबल वापरताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, पुस्तकात «नॅचरल साइन» आणि «लॉगॅरिदमिक साइन» अशी वेगवेगळी कोष्टकं असतात. थेट गुणायचं असेल तर नॅचरलचं पान उघडा. दुसरं, कोसाइनच्या कोष्टकात मीन डिफरन्स वजा करायचा असतो, कारण कोन वाढला की कॉस घटतो. कॉस ३४°२०′ हवा असेल तर ३४°१८′ खाली ०.८२६१ मिळतं, उरलेल्या २ मिनिटांसाठी ३ मिळतात, ते शेवटच्या घरातून वजा करा: ०.८२५८. साइनच्या सवयीने मिळवलंत तर ०.८२६४ होईल. फरक बारीक आहे, पण लॉग टेबलचं गणित चार घरांपर्यंत मागतात ते त्यासाठीच.

पानाच्या मधोमध रेघ

फोडून झालं की पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे आडवा, उजवीकडे उभा. आडव्या रकान्यात त्वरण शून्य लिहा. उभ्या रकान्यात त्वरण उणे ९.८ मी/से² लिहा (वरची दिशा धन धरून). सोलापूर १७.७° अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरपेक्षा थोडं वर आहे, त्यामुळे इथलं गुरुत्वत्वरण हिशोबाने ९.७८ च्या जवळ येतं. गणितासाठी ९.८ पुरे आणि प्रयोगात हा फरक तुमच्या टेपच्या चुकीत बुडून जातो. प्रश्नात १० घ्या म्हटलं असेल तर १० घ्या, मध्येच बदलू नका.

आता क्षेत्ररक्षकाचा चेंडू सोडवू. सोपं व्हावं म्हणून तो जमिनीलगत सुटला आणि जमिनीलाच टेकला असं धरू.

उजवा रकाना आधी, कारण वेळ तिथूनच मिळते. वर जाण्याचा वेग १२.५, दर सेकंदाला ९.८ ने घटतो, म्हणजे १२.५ ÷ ९.८ = १.२८ सेकंदांनी उभा घटक शून्य होईल. तेवढाच वेळ खाली यायला. एकूण उड्डाणकाल २.५५ सेकंद. महत्तम उंची म्हणजे उभ्या घटकाचा वर्ग भागिले १९.६: १५६.२५ ÷ १९.६ = ७.९७ मीटर.

मग ही वेळ उचलून डाव्या रकान्यात न्यायची. २१.६५ × २.५५ = ५५.२ मीटर. हा पल्ला.

रेघ ओलांडून गेली ती फक्त वेळ. उंचीच्या सूत्रात चुकून २५ घातलं तर ६२५ ÷ १९.६ म्हणजे ३१.९ मीटर येतात, चेंडू सरळ वर फेकल्यासारखे. पल्ल्यात २५ घातलं तर ६३.८ मीटर. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे: फोडलेला वेग टाकून पुन्हा मूळ वेग वापरणं. म्हणून घटक काढून झाले की प्रश्नातल्या २५ वर पेन्सिलने काट मारून ठेवा, हाताला तो आकडा सापडताच कामा नये.

सर्वोच्च बिंदूवरचा वेग किती, हा तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न. «शून्य» हे उत्तर चूक. तिथे उभा घटक शून्य असतो, आडवा २१.६५ जसाच्या तसा असतो. शून्य असता तर चेंडू तिथून सरळ खाली पडला असता. आणि त्वरण? तेही शून्य नाही, सबंध उड्डाणभर खालच्या दिशेने ९.८.

मधल्या कुठल्याही क्षणाचा वेग काढायचा असेल तर त्या क्षणाचे दोन घटक घ्या, वर्ग करून मिळवा, वर्गमूळ काढा. २ सेकंदांनी उभा घटक १२.५ − १९.६ = −७.१. उणे चिन्ह म्हणजे चेंडू खाली येतो आहे. वेग: २१.६५ आणि ७.१ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, २२.८ मी/से. दिशा: ७.१ ÷ २१.६५ चा टॅन इन्व्हर्स, आडव्या रेषेच्या खाली १८.२°.

टेबलावरून गोटी

घटक स्वतंत्र असतात हे वाचून पटत नाही, पाहून पटतं. गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून हेच तपासलं आणि १६३८ साली छापून मांडलं. आपल्याला घरच्या टेबलावर जमतं. पाण्याच्या पाइपने हा प्रयोग करायची पद्धत आहे, पण नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते सुचवणं बरं नाही. गोटी घ्या, किंवा सायकलच्या वा गॅरेजच्या दुकानातून बेअरिंगचा मोठा छर्रा घ्या. छर्रा जड असतो, खूण चांगली उमटते.

बाकी सामान: वायरिंगची एक इंची केसिंग पट्टी, वरचं झाकण काढून, साधारण एक मीटर. चिकटपट्टी. कार्बन पेपर, नवी पेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात विचारा. पांढरा कागद, मोजटेप आणि ओळंबा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा.

पट्टीचं एक टोक पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, दुसरं टेबलाच्या कडेला आणा. शेवटचे दहा सेंटीमीटर टेबलावर सपाट चिकटवा. ते सपाट आहेत का हे डोळ्यांनी ठरवू नका. गोटी त्या भागावर ठेवून सोडा, ती जागची हलली नाही तर सपाट. इथे दोन अंशांचा उतार राहिला तरी गोटी टोकावरून सुटताना उभा घटक घेऊनच सुटते आणि पुढचा सगळा हिशोब बिघडतो. प्रयोग फसण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे, आणि ते शोधायला सगळे शेवटी येतात.

पट्टीच्या टोकापासून तीस सेंटीमीटर उंचीवर पेनाने खूण करा. गोटी तिथे धरून ढकलायची नाही. समोर फूटपट्टी आडवी लावून ती उचलायची, गोटी आपोआप सुटू द्यायची. पहिल्यांदा नुसतीच सोडून बघा कुठे पडते, तिथे पांढरा कागद चिकटवा, त्यावर कार्बनची काळी बाजू खाली करून ठेवा. मग दहा वेळा सोडा. ठिपक्यांचा पुंजका दोन-तीन सेंटीमीटरच्या आत यायला हवा. एखादा ठिपका लांब भरकटला तर गोटी पट्टीच्या काठाला घासली असणार.

अंतर मोजायचं ते टेबलाच्या पायापासून नव्हे. पट्टीच्या टोकाखाली ओळंबा सोडा, त्याचं टोक जमिनीवर जिथे येतं तिथून पुंजक्याच्या मध्यापर्यंत मोजा. उंचीही टेबलाची नको, पट्टीच्या आतल्या तळापासून जमिनीपर्यंतची हवी.

समजा उंची ७५ सेमी निघाली. सुरुवातीचा उभा घटक शून्य. पडायला लागणारी वेळ: २ × ०.७५ ÷ ९.८ चं वर्गमूळ, म्हणजे ०.३९१ सेकंद. ठिपके सरासरी ७८ सेमीवर असतील तर आडवा घटक ०.७८ ÷ ०.३९१ = २.० मी/से.

ऊर्जेच्या सूत्राने तपासणारा इथे गोंधळतो. तीस सेंटीमीटर उंचीवरून घसरत आलेल्या वस्तूचा वेग २.४ मी/से यायला हवा, मग २.० का? कारण गोटी घसरत नाही, गडगडते. ऊर्जेचा काही भाग फिरण्यात जातो. सपाट तळावर गडगडणाऱ्या भरीव गोळ्यासाठी वेग २.०५ येतो, उरलेलं घर्षण खातं. त्यामुळे वेग टेबलाखालच्या पल्ल्यावरूनच काढा, पट्टीच्या उंचीवरून नको.

आता पंधरा सेंटीमीटरवरून सोडा. गोटी ५५ सेमीच्या आसपास पडेल, कारण वेग १.४१ पटीने घटला. फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम धरून, दोन्ही उड्डाणांत टोकापासून जमिनीपर्यंत फ्रेम मोजा. दोन्ही वेळा ९४ च्या जवळपास येतील. पल्ला पाऊण मीटरवरून अर्ध्यावर आला, पण पडायची वेळ बदलली नाही. आडवा घटक उभ्याच्या हिशोबात लुडबूड करत नाही, हे इथे डोळ्यांसमोर दिसतं.

पुढची पायरी: पट्टीचं टोक २०° वर वळवा. कोनमापकाच्या मध्यबिंदूतून दोरा लोंबकळता ठेवला की कोन वाचता येतो. टोक जमिनीपासून ७५ सेमीवर आणि सुटायची खूण टोकापासून तीस सेंटीमीटर उंचच ठेवा, म्हणजे वेग २.० राहील. आडवा घटक २ × ०.९४० = १.८८, उभा २ × ०.३४२ = ०.६८४. आधी कागदावर पल्ला काढा, मग गोटी सोडा.

पल्ल्याचं तयार सूत्र, वेगाचा वर्ग गुणिले साइन दुप्पट कोन भागिले गुरुत्वत्वरण, इथे लावलं तर २६ सेमी येतात. गोटी त्याच्या तिपटीहून पुढे पडते. सूत्र खोटं नाही, पण ते फक्त सुटण्याची आणि टेकण्याची पातळी एकच असेल तेव्हाचं आहे. इथे गोटी ७५ सेमी आणखी खाली जाते. उभ्या रकान्यात नीट मांडलं तर ४.९ गुणिले वेळेचा वर्ग, वजा ०.६८४ गुणिले वेळ, वजा ०.७५ बरोबर शून्य असं वर्गसमीकरण येतं. त्याची धन उकल ०.४६७ सेकंद. १.८८ ने गुणलं की ८८ सेमी. कार्बनचा कागद तिथे आधीच चिकटवून ठेवा आणि छर्रा सोडा.

मैदानावर, उलट्या दिशेने

प्रत्यक्षात वेग आणि कोन कुणी सांगत नाही. दिसते ती वाट. मग घटक आधी मोजायचे आणि त्यांच्यावरून वेग काढायचा.

सकाळी सातच्या आत होम मैदानावर किंवा जवळच्या कुठल्याही मोकळ्या जागेत जा. वारा कमी असतो, आणि एप्रिल-मे मध्ये त्यानंतर उभं राहवत नाही. पण उजाडलेलं हवं, कारण उजेड कमी पडला की बरेच फोन फ्रेमचा वेग गुपचूप उतरवतात. फोन स्टँडवर, चेंडूच्या वाटेला बरोबर काटकोनात, सहा-सात मीटर लांब. चेंडू ज्या रेषेत उडणार त्याच रेषेत एक मीटरची काठी उभी करा. काठी पुढे-मागे राहिली तर प्रमाणच चुकतं, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही. फोन हातात धरायचा नाही, झूम करायचं नाही.

सेकंदाला ३० फ्रेमचं साधं चित्रण पुरतं. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये «ई» हे बटण दाबलं की एकेक फ्रेम पुढे सरकते. ट्रॅकर नावाचं मोफत सॉफ्टवेअर याच कामासाठी आहे. दर तिसऱ्या फ्रेमला, म्हणजे दर ०.१ सेकंदाला, चेंडूच्या मध्याची जागा टिपा.

चांगल्या फेकीचे आकडे असे दिसतात. आडवं अंतर प्रत्येक वेळी ४२ सेमी, ४२, ४२. उभं अंतर ५१.१, मग ४१.३, ३१.५, २१.७, ११.९, २.१ आणि पुढे −७.७. उभ्या आकड्यांतला फरक दर वेळी ९.८ सेमी, गुरुत्वत्वरण तिथे उघडं पडलेलं दिसतं. तुमचे आकडे एवढे नेटके येणार नाहीत, एक-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे होतीलच. फरक सातत्याने ८ किंवा ११ येत असेल तर मात्र काठीची जागा तपासा.

आडवा घटक: ०.४२ ÷ ०.१ = ४.२ मी/से. उभा घटक काढताना पहिल्या अंतराला नुसतं ०.१ ने भागू नका. त्या दशांश सेकंदात गुरुत्वाने ४.९ सेमी खाल्लेले असतात, ते परत मिळवा: ५१.१ + ४.९ = ५६ सेमी, म्हणजे ५.६ मी/से. वेग: ४.२ आणि ५.६ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ७.० मी/से. कोन: ५.६ ÷ ४.२ = १.३३, टॅन इन्व्हर्स ५३°. ३-४-५ चाच त्रिकोण.

आडवं अंतर हळूहळू कमी होत गेलं तर चेंडू बदला. या वेगाला टेनिस बॉलवर हवेचा विरोध त्याच्या वजनाच्या सुमारे आठ टक्के असतो, लेदर बॉलवर तीन टक्के. प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूने हा प्रयोग करूच नका.

गोळाफेकीत ४५° का नको

४५° ला पल्ला सर्वाधिक, हे पाठ करून आलेले शिक्षक मुलांना तसंच फेकायला लावतात. गोळा मात्र खांद्याच्या वरून, साधारण दोन मीटर उंचीवरून सुटतो आणि जमिनीवर पडतो. वेग १० मी/से धरून दोन्ही कोन सोडवा.

४५° ला दोन्ही घटक ७.०७. उभ्या रकान्यातून वेळ १.६८५ सेकंद, पल्ला ११.९२ मीटर. ४०° ला आडवा ७.६६, उभा ६.४३, वेळ १.५७२ सेकंद, पल्ला १२.०४ मीटर. बारा सेंटीमीटरचा फायदा, आणि तोही दोन्ही कोनांना वेग तेवढाच धरून. प्रत्यक्षात कोन कमी केला की हाताला जास्त वेग देता येतो, कारण वर ढकलताना गोळ्याच्या वजनाशी झगडावं लागतं. म्हणून खेळाडूसाठी योग्य कोन ४० पेक्षाही खाली येतो. कोनाच्या एका अंशापेक्षा वेगातला थोडा फरक महाग पडतो: १० ऐवजी १०.५ मी/से मिळाला तर ४०° ला पल्ला १३ मीटरच्या पुढे जातो.

गोळ्याच्या बाबतीत हवा विसरली तरी चालतं, पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. क्रिकेटच्या चेंडूचं तसं नाही. २५ मी/से वेगाला त्याच्यावर हवेचा विरोध वजनाच्या सुमारे ४० टक्क्यांपर्यंत जातो. त्यामुळे वर काढलेले ५५ मीटर कागदावरचे आहेत, मैदानावर चेंडू त्याच्या बराच अलीकडे टप्पा घेईल आणि चढण्यापेक्षा उतरताना जास्त उभा येईल. हवा आली की दोन रकाने पूर्ण स्वतंत्र राहत नाहीत, कारण विरोध एकूण वेगावर अवलंबून असतो. तिथे छोटे छोटे कालखंड घेऊन, प्रत्येक कालखंडाला वेग नव्याने फोडून संगणकावर हिशोब करावा लागतो. ०.०१ सेकंदाची पायरी आणि स्प्रेडशीटच्या तीनशे ओळी पुरतात.

उभ्याच्या अगदी जवळचे कोनही एकदा सोडवून पाहा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा गोळे सरळ वर जाताना दिसतात. समजा एखादी नळी पाच अंश कलली आणि गोळा ६० मी/से वेगाने ८५° ला सुटला. कॉस ८५ फक्त ०.०८७, म्हणून आडवा घटक ५.२ मी/से, नगण्य वाटणारा. उभा घटक ५९.८, माथ्यावर पोचायला ६.१ सेकंद. तेवढ्या वेळात ५.२ गुणिले ६.१, गोळा ३२ मीटर बाजूला गेला. हवेमुळे प्रत्यक्ष आकडा कमी होईल, पण नळीभोवती वाळूची पोती का रचायची आणि प्रेक्षकांची दोरी किती लांब बांधायची, हे या छोट्या कॉसवरून ठरतं.